सावत्र आईचा वकील

पुस्तकाशी भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात, ग्रंथालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर. पांढरा सदरा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, नखांत माती, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, आणि समोर उघडलेल्या पानाला मोठ्या आवाजात जाब विचारणं चाललेलं, "अन् बाप कुठं होता? बाप काय करून राह्यलता तवा?"

ग्रंथपालांनी टेबलावर पट्टी आपटली. त्या माणसानं वर पाहिलं, हात जोडले, "सॉरी साहेब" म्हटलं आणि पुन्हा पानावर वाकून कुजबुजला, "पन बाप कुठं होता, हे त सांगाच लागन."

हे आमचे गुणवंतकाका. गुणवंतराव खोडे, राहणार नालवाडी, धंदा भाजीपाल्याची शेती, आणि एम. ए. मराठीच्या वर्गात माझ्या शेजारच्या बाकावर बसणारे विद्यार्थी. मी तेव्हा बाविशीची, सेलूहून रोज एसटीनं येणारी. काका पंचावन्नच्या पुढचे.

पहिल्या दिवशी ते वर्गात आले तेव्हा आम्ही सगळे उठून उभे राहिलो होतो. वाटलं, नवीन सर आले. ते दारातच थबकले. मागं वळून पाहिलं. मागं कुणी नाही हे पाहून हसले. "बसा बाप्पा, बसा. मी बी तुमच्यासंगच शिकाले आलो." या वयात एम. ए. कशाला, असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असे, "पोराले नोकरी लागली, पोरीचं लगन झालं. घरात वाद घालाले कोनी उरलं नाई. तुमची काकू त बोलतच नाई, नुसती पाह्यते. म्हनून नाव टाकलं."

सकाळी वावरातली भाजी तोडून बाजारात पोचती करायची, आंघोळ करायची आणि मोपेडवरून कॉलेज गाठायचं, हा त्यांचा क्रम. मोपेडच्या मागं रिकामी क्रेट बांधलेली असे आणि ती कधीच पूर्ण रिकामी नसे. जाताना होस्टेलच्या पोरींच्या हातात सांबाराच्या जुड्या पडत. मराठवाड्यातून आलेल्या एका मुलीनं "सांबार म्हणजे इडलीबरोबरचं ना?" असं विचारलं, तर काकांनी कोथिंबिरीची जुडी तिच्या नाकाखाली धरली. "हे घे. आता इडली तू आन."

हजेरीला आम्ही "यस मॅडम" म्हणायचो. काका म्हणायचे, "हाओ!" जणू कुणी विचारलं होतं, जिवंत आहात का?

वर्गात कुठलीही कविता, कादंबरी शिकवणं चालू असो, काकांचा हात वर जाई. एका कवितेत विरहिणी रात्रभर खिडकीत उभी होती. मॅडमनी तिच्या दुःखाचे पदर फार सुंदर उलगडले. आम्ही मुली थोड्या हळव्याही झालो. काकांनी विचारलं, "मॅडम, रातभर उभी राह्यली त सकाळची कामं कोनी केली?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चांगला प्रश्न आहे." आमच्या या मॅडम बोलायच्या फार कमी, पण ऐकायच्या पूर्ण. म्हणूनच बहुतेक त्यांचं आणि काकांचं जमलं.

दुसऱ्या वर्षी आम्हाला जोडीजोडीनं एक शोधनिबंध लिहायचा होता आणि विभागाच्या चर्चासत्रात सगळ्यांसमोर वाचायचा होता. विषय निघाला, अभिजात परीकथा आणि त्यांच्या आधुनिक पुनर्कथा. जोड्या आडनावांच्या क्रमानं लावल्या आणि माझ्या वाट्याला काका आले. मैत्रिणींनी सहानुभूती दाखवली. मला स्वतःलाही धडकी भरली होती. माझ्या डोक्यात आराखडा तयार होता. पूर्वीच्या गोष्टीतली राजकन्या झोपून राहते, वाट पाहते, आजच्या गोष्टीतली उठते आणि चालू लागते. छान, सुटसुटीत, मार्क मिळवून देणारा.

काकांनी ग्रंथालयातून परीकथांचे जाडे संग्रह उचलले आणि आठवडाभर दिसलेच नाहीत. उगवले ते तावातावानंच.

"पोरी, घोटाळा हाये."

"काय झालं काका?"

"एवढी पुस्तकं वाचली. ह्या देशाची, त्या देशाची. सावत्र आई एक बी चांगली नाई. कुठं पोरीले राबवते, कुठं जंगलात धाडते, कुठं जेवनात जहर घालते. एवढ्या मोठ्या जगात एक बी चांगली नसन? अन् राजा काय करून राह्यला? राजा जेवून झोपला! पोरगी जंगलात गेली तरी त्याले मालूम नाई. त्याले कोनी काऊन बोलत नाई?"

"काका, ती पद्धत असते. खलनायक लागतो गोष्टीला."

"लागते त बापाले करा ना."

माझी राजकन्या बाजूला पडली. निबंध आपोआप सावत्र आईकडे वळला. मी आधी कुरकुर केली, पण मान्य करायला हवं, मुद्दा जोरकस होता. काका प्रत्येक गोष्ट कोर्टातल्या खटल्यासारखी वाचायचे. आरोपीला बोलू दिलं का? साक्षीदार कोण? पोरीशिवाय कुणी पाहिलं? वर्गातल्या पोरांनी त्यांचं नाव 'वकीलसाहेब' ठेवलं. काकांना ते इतकं आवडलं की फोनवर सुद्धा "वकील बोलून राह्यलो" म्हणू लागले.

नव्या पुनर्कथा मी त्यांना मोबाईलवर काढून दिल्या. त्यांत सावत्र आयांना मन होतं, भूतकाळ होता, पस्तावा होता. पहिल्या दोन-तीन वाचून काका खूश झाले. पुढं पुढं चेहरा आंबट होत गेला. "ह्या त सगळ्या गुळात बुडवून काढल्या. मांजर बी कोनाले वरबाडत नाई हेच्यात." मी ते वाक्य नीट करून निबंधात घातलं. मॅडमनी त्याच्याखाली रेघ मारली होती.

मॅडमचं म्हणणं होतं, आपल्या भागात तोंडी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीही ऐका. म्हणून एका रविवारी काका मोपेडवरून सेलूला आमच्या घरी आले. आमच्या शेजारच्या शांताबाई गोष्टी सांगण्यात पटाईत. त्या अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी कापसाच्या बोंडातून जन्मलेल्या मुलीची गोष्ट सुरू केली. बोंड फुटलं, मुलगी निघाली, पाटलानं तिला घरी नेलं.

"पाटलाची दुसरी बायको लय खराब," शांताबाई म्हणाल्या. "पोरीले म्हने, रातभर सूत कात."

"खराब काऊन?" काका लगेच. "तिले सूत कताई शिकवत असन."

शांताबाईंनी शेंगा सोलणं थांबवलं, काकांकडे पाहिलं, गोष्ट पुढं नेली. "सूत कातलं नाई त जेवाले देत नसे."

"घरात दाना असन का नाई, ते बी पाहा लागते बाई."

"दाना होता! कोठ्या भरून होत्या!" शांताबाईंचा आवाज चढला. "अन् ते बाई पोरीले नुसतं उपाशी नाई ठेवत होती, तिच्या पाठीवर डाग देत होती!"

"हे मंघाशी नवतं," काका मला हळूच म्हणाले.

"काय म्हनलं?"

"काई नाई. डागाचं औषध बी तिनंच केलं असन, असं म्हनलं."

"तुम्ही सांगता का मी सांगू?" शांताबाई कडाडल्या आणि त्या गोष्टीतल्या बाईनं त्या दुपारी जे जे केलं, ते आजवर कुठल्याही सावत्र आईनं केलं नसेल. शेवटी पाटलानं तिला विहिरीत ढकललं. काका हताश होऊन म्हणाले, "पाह्यलं? वकिलामुळं फाशी झाली." निघताना मात्र त्यांनी शांताबाईंना वांगी दिली आणि गोष्ट लय जोरदार सांगितली म्हणून हात जोडले. शांताबाई हसल्या. पण विहिरीतून त्या बाईला काही त्यांनी बाहेर काढलं नाही.

काकांच्या या वकिलीचं मूळ आम्हाला कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कळलं. आलूबोंडा खाताना एका मुलीनं सहज विचारलं, "काका, तुम्हाला सावत्र आयांचा एवढा पुळका का?"

काकांनी बोंडा खाली ठेवला. "कारन मले हाये ना."

मग त्यांनी सांगितलं. ते सहा-सात वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वर्षाच्या आत वडनेरच्या त्यांच्या घरात नवी आई आली. तिला ते मावशी म्हणत. "तिनं मले कधी अरे म्हनून हाक मारली नाई. बोट बी लावलं नाई. आपल्या ताटातलं तूप माया ताटात टाके. एकदा मले खांद्यावर बसवून दूर, पार नाल्याच्या पलीकडं घेऊन गेलती. बाभळीखाली बसून आमी भाकर खाल्ली. त्या दिवसापासून मले दुःख मालूमच नाई." सांगताना त्यांचे डोळे भरून आले. आमच्यातल्या दोघी तर हुंदके देत होत्या. निबंधाचा शेवट तिथंच ठरला. जगभरच्या गोष्टी एका बाजूला आणि वडनेरची मावशी दुसऱ्या बाजूला.

काकांच्या मनात आणखी एक होतं. वडील गेल्यापासून मावशी वडनेरला एकट्या राहत होत्या. त्यांची स्वतःची एक मुलगी होती, ती लग्न होऊन यवतमाळकडे. काका कितीतरी वर्षं त्यांना नालवाडीला राहायला चला म्हणून विनवत होते आणि मावशी ऐकत नव्हत्या. "एकदा ते हॉलमध्ये बसून हा निबंध आयकन ना, मंग नाई नाई म्हननार," काका म्हणत. निबंधाचे मार्क त्यांच्या दृष्टीनं किरकोळ बाब होती.

निमंत्रण द्यायला मला घेऊन ते वडनेरला गेले. मी ऐंशीची, वाकलेली, प्रेमळ म्हातारी डोळ्यांपुढे आणली होती. अंगणात शेळीला पाला घालत उभी होती ती पासष्टीची, काटक, ताठ बाई. काकांपेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी मोठी. काकांनी वाकून पाय धरले. तिनं पाय मागं घेतला.

"पुरे झालं गुन्या. दर खेपी काय ते."

जेवायला झुणका-भाकर होती. काका पहिल्याच घासाला म्हणाले, "वा! मावशीच्या हाताले चवच अलग."

"मीठ कमी हाये," मावशी म्हणाल्या.

"नाई व मावशी. बरोबर हाये."

मावशी माझ्याकडे वळल्या. "तू सांग पोरी. मीठ हाये का?"

मी अडखळले. खरं म्हणजे मीठ नव्हतंच.

"पाह्यलं?" मावशी म्हणाल्या. "पन हा म्हननार नाई. जहर टाकलं तरी वा म्हनन. अन् म्हनते, घरी चाल. याच्या घरी जाऊन मी काय करू? देव्हाऱ्यात बसू?"

काका नुसते हसले. त्यांना ते लागलंही नसावं. चर्चासत्राला मात्र मावशी यायला तयार झाल्या. "येते. पन दुसऱ्या दिवशी वापस. शेळी हाये मायी."

चर्चासत्राच्या दिवशी काकांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. मावशी पहिल्या रांगेत, काकूंच्या शेजारी, नऊवारी नेसून, पाय वर घेऊन खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या. पहिला भाग मी वाचला, गोष्टींचा आढावा, पुनर्कथांची तुलना वगैरे. टाळ्या पडल्या. मग काका उठले. निबंधाची भाषा त्यांनी हट्टानं पुस्तकी ठेवली होती. "माझ्या सावत्र मातेने मला कधीही कठोर शब्दाने दुखविले नाही. स्वतः अर्धपोटी राहून तिने मला घास भरविला. एकदा मला खांद्यावर घेऊन ती..."

"थांब गुन्या."

आवाज मोठा नव्हता. पण सभागृह गप्प झालं. मावशी उभ्या राहिल्या होत्या.

"हे कोनाचं वाचून राह्यला?"

काका गोंधळले. "तुयंच, मावशी."

"मायं नाई. हे दुसरीच कोनती बाई हाये."

मागच्या रांगांत पोरं हसली. काकूंनी मावशींचा पदर ओढला. मावशींनी तो सोडवून घेतला आणि सभागृहाकडे तोंड केलं.

"हा म्हनते मी मारलं नाई. काऊन नाई मारलं? पळीनं मारलं. अन् हा काय कमी होता? हे पाहा," त्यांनी बाही वर सरकवली, "इथं चावला. वरनात मूठभर मीठ टाकलं यानं, सासूनं मले बोलावं म्हनून. मायी फनी विहिरीत टाकली. मी तवा सतरा वर्साची. याचा बाप दुपटीच्या वर. मले कोनी इचारलं नवतं, अन् याले बी कोनी इचारलं नवतं. आमी दोघं बी त्या घरात फसलो होतो."

आता कुणी हसत नव्हतं. विभागप्रमुख उठायला लागले, तर मॅडमनी त्यांना हातानं बसवलं. "चालू द्या," त्या म्हणाल्या.

"अन् ते खांद्यावरचं?" पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं.

"कायचा खांदा! मी पळून चाललती. माहेरी. कोनाले न सांगता सकाळीच निंगाली. नाला ओलांडला, मांगं पाह्यलं त हा. मी म्हनलं, जाय घरी. जाईना. ढेकूळ उचलून फेकलं. थांबला. मी चालली का हा चालला. मंग मी थकली अन् बाभळीखाली बसली. हा बी बसला, दूर. फडक्यात भाकर होती. अर्धी खाल्ली, अर्धी दगडावर ठेवली अन् तोंड फिरवून बसली. आला, घेतली, पुन्हा दूर जाऊन बसला. मंग मी इचारलं, काऊन आला रे मांगं? मी काई तुले नेनार नाई. त हा काय म्हनते? म्हनते, म्हैस बाबाले दूध देत नाई, तुलेच देते."

सभागृहात हशा उसळला. मावशीही हसल्या. "मले बी असंच हासू आलं. लगन झाल्यापासून पह्यल्यांदा. म्हनलं चाल. म्हशीसाठी जाऊ."

"काटा बी काढला होता तू," काका व्यासपीठावरून म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "माया पायातला."

"त काय ठेवू? लंगडत घरी आला असता त तुया बाप मलेच बोलला असता." मग त्यांनी काकांकडे बोट केलं. "हे लिव गुन्या. नसन लिवाचं त कोरं ठेव. पन दुसऱ्या बाईले मायं नाव देऊ नको." आणि पदर सावरून पुन्हा मांडी घालून बसल्या.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मॅडम," ते म्हणाले, "माया निबंध रद्द करा. खोटा निंगाला."

"रद्द नाही करत," मॅडम म्हणाल्या. "दुरुस्त करून द्या. साक्षीदार हजर आहेत."

कार्यक्रम संपल्यावर काका कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून राहिले. मी शेजारी बसले. वाद न घालणारे काका मी पहिल्यांदाच पाहत होते. मग आपणच सांगू लागले. गावातल्या बाया त्यांना लहानपणी अडवून विचारायच्या, सावत्र हाये ना, जेवाले देते का? त्यांची तोंडं बंद करायला ते सांगायचे, तूप देते. मग एकेक वाढवत गेले. "सांगता सांगता मलेच खरं वाटाले लागलं. अन् दुसरं एक होतं पोरी. एकदा मावशी गेलती ना. मले वाटे, मी चांगली चांगली म्हनत राह्यलो त पुन्हा जानार नाई." मग मान हलवत म्हणाले, "ढेकूळ पाठीवर लागलं होतं. लय जोरानं."

मावशींचं दुसऱ्या दिवशी परत जाणं लांबलं. निबंध दुरुस्त व्हायचा होता आणि आपण नसलो तर हा पुन्हा लबाडी करेल अशी त्यांना खात्री होती. शेळी काकांच्या मुलाला पाठवून नालवाडीला आणवली गेली. आम्ही काकांच्या वावराच्या कडेला खाट टाकून लिहायला बसायचो. काका वाक्य सांगायचे, मी लिहायची, मावशी वांगी निवडत ऐकायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "असं नवतं." एकेका वाक्यावरून जुंपायची. सासू आधी ओरडली की आधी मावशी रडल्या? फणी विहिरीत टाकली की पडली? काका म्हणत पडली. मावशी म्हणत, फेकली, आणि वरून वाकून पाह्यलं बी. काकू खरंच काही बोलत नसत, नुसत्या पाहत, पण त्या दिवसांत त्यांचा चेहरा फार मजेत असे.

निबंधाचा गाभाच बदलला. सावत्र आई वाईट असते, हे जुन्या गोष्टींनी सांगितलं. ती मुळात चांगलीच असते, हे नव्या गोष्टी सांगतात. आमच्या निबंधानं म्हटलं, ती त्या घरात नवी असते. एवढंच. हे वाक्य कुणाचं, यावर काका आणि मावशी दोघंही हक्क सांगत. मला आठवतं त्याप्रमाणे ते माझं होतं, पण त्या दोघांत पडायची माझी टाप नव्हती.

खरी गंमत त्यानंतर झाली. एका सकाळी मावशींनी वावरात जाऊन टमाट्याच्या बांधलेल्या वेलींचे सगळे दोरे सोडले आणि आपल्या पद्धतीनं पुन्हा बांधायला घेतले. काकांनी पाहिलं आणि त्यांचा तोल गेला. "मावशी! वावराले हात लावू नको म्हनलं ना! दोन दिवसांत टमाट्याचा तोडा हाये माया! काई समजत नाई का तुले?"

मी निबंधाचे कागद घेऊन तिथंच उभी होते. काकू दारात आल्या. काकांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळं आयुष्य ते त्या बाईसमोर आवाज चढवून बोलले नव्हते.

मावशींनी हातातला दोरा शांतपणे खाली टाकला. "तुयी बांधनी ढिली हाये. वाऱ्यानं पडन."

"नाई पडत! इतकी वर्सं नाई पडली!"

"पडन."

"पैज लाव!"

"लावली," मावशी म्हणाल्या आणि घरात गेल्या. त्या दुपारी त्यांनी रोजच्यापेक्षा एक भाकर जास्त खाल्ली. संध्याकाळी काकूंना म्हणाल्या, "गुन्याले सांग, वडनेरची मायी पेटी घेऊन ये. अन् दाराले बरोबर कुलूप लावजो म्हना."

काका पेटी आणायला गेले ते गाणं म्हणत गेले, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. मी काकूंचं ऐकलेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

निबंधाला बरे मार्क पडले. काका भाषाविज्ञानात नापास झाले, पुन्हा बसले, पुन्हा नापास झाले. भाषेचं विज्ञान असतं हेच त्यांना मान्य नव्हतं आणि पेपरातही ते तसं लिहून येत. तिसऱ्या खेपेला कसेबसे पास झाले, तेव्हा विभागात पेढ्यांऐवजी गाजरं वाटली.

मी शिकवायला लागले, सेलू सुटलं. लग्न ठरल्यावर पत्रिका द्यायला नालवाडीला गेले, ती माझी तिथली शेवटची खेप. दुपारची वेळ होती. काकू बाहेर गेल्या होत्या. अंगणातल्या कडुनिंबाखाली खाटेवर मावशी आडव्या झालेल्या. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावलेला. पायथ्याशी स्टुलावर काका बसले होते आणि हातात वर्तमानपत्र धरून मोठ्यानं वाचत होते. मावशींचं तोंड किंचित उघडं होतं. त्या गाढ झोपल्या होत्या.

"झोपल्या की काका," मी हळूच म्हटलं.

काकांनी मोठे डोळे केले आणि हातानं मला गप्प राहायची खूण केली. मग वाचण्याच्याच सुरात, पानावरची नजर न काढता म्हणाले, "वाचनं थांबलं का उठते पोरी. आत्ताच लागला डोया."

मी जवळ जाऊन पाहिलं. बातम्या संपल्या होत्या, अग्रलेखही संपला असावा. ते बाजारभावाच्या पानावर आले होते. मी पत्रिका त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती कपाळाला लावली, मान डोलावली, हसले, लग्नाला येतो असं डोळ्यांनीच सांगितलं. पण वाचणं थांबवलं नाही.

मी फाटकापर्यंत आले तरी मागून त्यांचा आवाज येत होता, हळू, लांबवलेला, लेकराला गोष्ट सांगावी तसा. "मंग काय झालं... कांदा उतरला. हरभरा होता तिथंच राह्यला बिचारा. अन् तूर... तूर मातर चढत गेली, चढत गेली..."